दोन रायफली आणि थोडं सोनं

विमानतळावरच्या काउंटरपाशी जाऊन "आमच्याकडे दोन रायफली आहेत" असं हसतमुखाने सांगायचं असतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कुजबुजायचं नाही, चोरासारखं इकडेतिकडे बघायचं नाही, पाव किलो रवा मागावा इतक्या सहज सांगायचं. लेकीने गाडीत माझ्याकडून तालीम करून घेतली होती. तरी कोलंबसच्या काउंटरपाशी पोचल्यावर मी म्हणाले, "आमच्याकडे ना... ते आहे."

"ते म्हणजे काय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं. तिचं हसू जरासं आखडलं.

"शिकारीच्या रायफली. दोन. रिकाम्या, कुलूपबंद पेटीत," लेक घाईघाईने म्हणाली आणि माझ्या कानाशी लागली. "आई, प्लीज, 'ते' म्हणू नको. 'ते' म्हटलं की भलतंच वाटतं."

माझी ही लेक ओहायोत जन्मली, डब्लिन नावाच्या आमच्या उपनगरात वाढली आणि फिजिओथेरपिस्ट झाली. आठवडाभर लोकांचे गुडघे वाकवते आणि हिवाळ्याच्या तोंडाशी हरणांच्या शिकारीला जाते. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी हे वेड लागलं. मैत्रिणीचं सगळं घराणंच शिकारी. दोघींनी मिळून स्कॉटलंडला सांबरासारखं मोठं हरीण मारायला जायचं ठरवलं होतं, आणि निघायच्या तोंडावर मैत्रीण सायकलवरून पडून मनगट मोडून बसली. राहण्याखाण्याचं बुकिंग झालेलं होतं. लेक म्हणाली, "आई, तू चल. तुला काही मारायचं नाहीये." मी आयुष्यात उंदीर मारलेला नाही. उंदीर दिसला की मी खुर्चीवर चढते. पण आठवडाभर दोघी मायलेकींनाच एकत्र राहायला मिळणार म्हटल्यावर मी नव्याण्णव टक्के तिथेच विरघळले, आणि उरलेला एक टक्का नवऱ्याने "तू? शिकारीला?" असं विचारून हसल्यावर विरघळला.

घरात एकच माणूस हसत नव्हता. माझे बाबा.

बाबा आई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात. मुंबईच्या कस्टम्समध्ये त्यांची सगळी हयात गेली. लोकांच्या बुटांच्या टाचा फोडून, रेडिओची पाठ उघडून, बायकांच्या अंबाड्यातून सोनं काढणारा माणूस, पण खाण्यापिण्यात इतका सोवळा की केकमध्ये अंडं आहे का हे वाढदिवस असणाऱ्यालाच विचारतो. गेल्या वर्षी लेकीने मारलेल्या हरणाचं मटण आमच्या फ्रीजरमध्ये ठेवलं, तेही नेमकं बाबांच्या खोवलेल्या नारळाशेजारी. बाबांनी नारळ समजून नको ते पाकीट उघडलं. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. पाकीट होतं तसं गुंडाळून ठेवलं, हात धुतले आणि त्या दिवसापासून नातीशी अबोला धरला.

अबोला हा शब्द लेकीला मी समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सायलेंट ट्रीटमेंट." मी म्हटलं, नाही गं. त्यात माणूस गप्प असतो. आपल्या अबोल्यात माणूस भरपूर बोलतो, फक्त तिसऱ्याच्या तोंडून. बाबा जेवताना तिच्या समोर बसून मला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ इकडे सरकव." ती मीठ सरकवायची आणि मला सांगायची, "त्यांना सांग, बीपी आहे, थोडंच घ्या." मी दोघांच्या मधला टेलिफोन झाले होते, आणि बिल मलाच येत होतं.

यात खरं नुकसान झालं बाबांच्या उजव्या गुडघ्याचं. पूर्वी लेक दर रविवारी घरी आली की त्यांना कार्पेटवर आडवं करून गुडघा वाकवायची, सरळ करायची आणि मराठीत मोजायची. तिला मराठी आकडे विसापर्यंतच येतात, म्हणून व्यायाम विसाच्या हप्त्यांत चालायचा. वीस झाले की पुन्हा एकपासून. अबोल्यात ते बंद पडलं. दुसऱ्या फिजिओकडे जायला बाबा तयार नव्हते आणि नातीला पाय द्यायलाही तयार नव्हते. तो गुडघा लाकडासारखा होत चालला होता. जिना उतरताना बाबा कठड्याला धरून आधी डावा पाय खाली टाकायचे आणि मग उजवा खाली ओढून घ्यायचे. लेक ते खालून बघत उभी राहायची. मला त्या दोघांचाही इतका राग यायचा की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदा चिरायची.

माझी सगळी भिस्त दसऱ्यावर होती. दसऱ्याला धाकट्याने सोनं देऊन पायावर डोकं ठेवलं की मोठ्याला आशीर्वाद द्यावाच लागतो, आणि तो काही तिसऱ्याच्या तोंडून देता येत नाही. आमच्याकडे आपट्याची पानं मिळत नाहीत. पण बाबांनी पहिल्याच वर्षी फिरायला गेले असताना रेडबडचं झाड हेरलं होतं, त्याची पानं बघून "हा आपल्या आपट्याचा चुलतभाऊ" असं जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या अंगणातला रेडबड दर दसऱ्याला बोडका होतो. लेकीने परतीचं तिकीट बरोबर दसऱ्याच्या दिवसाचं काढलं होतं. मला वाटलं, त्या दिवशी स्वस्त असेल.

निघायच्या आदल्या आठवड्यात लेकीच्या दोन्ही रायफली, एक वापरायची आणि एक अडीअडचणीला, घेऊन विमानतळावरच्या कस्टम्स ऑफिसात जाऊन यावं लागलं. तिथे त्यांचे नंबर बघून शिक्का मारून देतात, म्हणजे परत येताना कोणी "ही तिकडे विकत घेतली का" असं विचारायला नको. कस्टम्स हा शब्द ऐकल्यावर बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र जरा खाली आलं.

"तिला म्हणावं, नंबर त्यांनी रायफलीवरून वाचले का नुसते कागदावरून?"

"रायफलीवरून," लेक मला म्हणाली.

"बरं," बाबा मला म्हणाले. निघायच्या सकाळी त्यांनी पुन्हा मला बोलावून घेतलं. लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती. "तिला म्हणावं, कस्टमवाल्याने विचारलं तेवढंच सांगायचं. आपणहून एक शब्द नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत गप्प माणसं कमी सापडली. बडबडे सगळे सापडले."

तर, कोलंबसला आम्ही एकदाच्या रायफली जाहीर केल्या. त्या रिकाम्या आहेत अशा चिठ्ठीवर लेकीने सही केली, तपासनिसाने पेटी उघडून बघितली, कुलूप पुन्हा लागलं आणि किल्ली लेकीच्या खिशात गेली. तेवढ्यात मला आठवलं की बाबांची बीपीची गोळी सांगायची राहिली. मी तिथूनच घरी फोन लावला.

"बाबा, गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या. तुम्ही घेतल्या का?"

"घेतल्या. वेगळ्या डब्यात ठेवल्यात, कुलूप लावून."

"मोजून घेतल्या ना?"

मग माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं दोन वेगळ्या गोळ्यांबद्दल बोलतोय, आणि मी विमानतळाच्या मधोमध अशी खदखदून हसले की तपासनीस दचकला. लेकीने मला दंडाला धरून बाकावर नेऊन बसवलं. तिलाही हसू फुटत होतं, पण पेटीची मालकीण असल्यामुळे तिला गंभीर राहणं भाग होतं.

एडिंबरोला मी आणखी घोळ घातला. तिथे बंदुका आणणाऱ्यांसाठी लाल पाटीखालून जायचं असतं. लेकीचा परवाना, आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो त्या यजमानांनी आधीच काढून ठेवला होता. तिथला म्हातारासा अधिकारी नंबर जुळवत होता आणि मला, बाबांची लेक असूनही, गप्प बसवेना.

"कुठे राहता?" त्याने सहज विचारलं.

"डब्लिनला," मी सांगितलं.

त्याने पेन खाली ठेवलं. माझ्या पासपोर्टकडे बघितलं, माझ्या कुंकवाकडे बघितलं, मग दोन रायफलींकडे बघितलं. "डब्लिनहून, रायफली घेऊन?"

"ओहायोतलं डब्लिन, सर," लेक म्हणाली. "अमेरिकेतलं. आम्ही आयर्लंडला कधी गेलोच नाही." माझ्याकडे बघून तिने दात ओठ खाल्ले. अधिकारी मात्र इतका हसला की त्याने शेजारच्याला बोलावून मला पुन्हा एकदा ते वाक्य म्हणायला लावलं.

डोंगरावरचे दिवस ओले आणि थंड गेले. वाटाड्या पुढे, लेक त्याच्या मागे आणि मी चहाचा थर्मास घेऊन शेपटाला. एक दिवस दोघं गवतात पालथे पडले आणि मला खूण केली. मी खाली बसले, डोळे मिटले, कान दाबले. तरी बार ऐकू आलाच. डोळे उघडले तेव्हा लेक खाली गेली होती आणि त्या जनावराच्या मानेवर तळहात ठेवून बसली होती. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. मला स्वतःला रडू येत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम कसं वाटू शकतं याचा मला आजही उलगडा झालेला नाही. मटण वाटाड्याच्या गावात वाटलं गेलं. आमच्या फ्रीजरचं नशीब थोर.

निघायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. एरवी त्या दिवशी आम्ही डब्लिनला काय पुजतो? लॅपटॉप, मिक्सर, गाडी, नवऱ्याचा ड्रिलचा डबा. शस्त्रपूजेला खरंखुरं शस्त्र घरात असण्याचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता, तो मी सोडते होय? यजमानांच्या घरातून खिरीचे तांदूळ मागून घेतले, पर्समधल्या डबीतलं कुंकू लावून अक्षता केल्या, झेंडू नाही म्हणून डोंगरावरची जांभळी फुलं घेतली आणि दोन्ही रायफली टेबलावर आडव्या मांडल्या.

"आई, पॉलिश जाईल," लेक म्हणाली. मग माझ्या हातातली डबी घेऊन म्हणाली, "मी लावते." आणि तिने दोन्हींना अशी काळजीपूर्वक बोटं लावली की मला ती पाच वर्षांची असताना पाटीपूजन करत होती ते आठवलं. पूजा झाल्यावर ती म्हणाली, मी जरा बाहेर जाऊन येते. हातात झिपलॉकची पिशवी होती. मला वाटलं सँडविच नेतेय.

दसऱ्याला आम्ही वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरलो. तिथे सामान घेऊन कस्टम्समधून जायचं आणि मग कोलंबसचं विमान. रांगेत मी लेकीला बजावलं, "आजोबांनी काय सांगितलंय? विचारलं तेवढंच." ती मान हलवून हो म्हणाली.

उंच, तरुण, कडक इस्त्रीचा अधिकारी होता. त्याने पेटी उघडायला सांगितली. झाकण उघडलं आणि तो एक पाऊल मागे सरला. प्रवासात अक्षता पेटीभर उधळल्या होत्या, फुलांचा चुरा झाला होता आणि दोन्ही रायफलींवर लालभडक डाग होते.

"हे रक्त आहे का?"

"कुंकू," मी म्हटलं.

त्याला नंबर वाचायचा होता आणि कुंकू नेमकं नंबरात बसलं होतं. त्याने अंगठ्याने पुसलं. नंबर दिसला, जुळला, अंगठा लाल झाला. तो अंगठा कुठे पुसावा हे त्याला कळेना. इस्त्रीची पँट खराब करवेना. मी त्याला पेपर नॅपकिन दिला आणि सांगितलं की हे शुभ असतं, आता तुमचीही पूजा झाली. तो थँक्यू म्हणाला. माझ्या पोटात हसू उकळत होतं, पण मी ओठ घट्ट मिटून ठेवले. दुसरा नंबर जुळला. त्याने पेटी मिटली. सुटलो असं मला वाटलं.

"आणखी काही डिक्लेअर करायचंय?" त्याने सवयीने विचारलं.

मी लेकीला चिमटा काढला. पण ही अमेरिकन शाळेत वाढलेली मुलगी. विचारलं की खरं सांगणारी.

"हो," ती म्हणाली. "सोनं."

आमच्या मागच्या रांगेनेही माना पुढे काढल्या. अधिकाऱ्याने मिटलेली पेटी बाजूला सरकवली. रायफलींपेक्षा आता त्याला आमच्यात जास्त रस होता.

"किती?"

"पिशवीभर."

"किंमत?"

लेकीने खरंच विचार केला. "ते सांगणं कठीण आहे. माझे आजोबा गेल्या वर्षीपासून माझ्याशी बोलत नाहीत. हे दिलं की आज त्यांना बोलावं लागेल."

आणि तिने बॅगेतून झिपलॉकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत बर्चची पिवळीधमक पानं होती. माझ्या तोंडून हसू फुटलं ते फुटलंच. मी पेटीला धरून वाकून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि लेक त्या माणसाला इंग्रजीत समजावून सांगत होती: आमच्याकडे आज सण आहे, आज शस्त्रं घेऊन सीमा ओलांडायची असते आणि पलीकडून सोनं घेऊन घरी यायचं असतं, लहानपणी आजोबांनीच मला ही गोष्ट सांगितली, सोनं म्हणजे पानं, अंगणातली कोणीही देईल, पण मी सीमेपलीकडून आणलंय, म्हणून तिकीट आजचं काढलं. तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. स्वस्त तिकीट कसलं. पोरीने अख्खा प्रवास दसऱ्याभोवती रचला होता आणि माझ्यापाशी चकार शब्द काढला नव्हता.

अधिकाऱ्याने शेतकीखात्याच्या बाईंना बोलावलं. बाई प्रेमळ होत्या, लेकीला "हनी" म्हणत होत्या, पण पानं आत जाऊ देईनात. कीड असते, रोग असतो. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून दंड नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवी एका मोठ्या डब्यात टाकली. अक्षता आणि फुलंही झटकून त्यात गेली. मग त्यांनी आमचे शिकारीचे बूट मागितले, कारण त्यांना परदेशची माती होती, आणि ते घासून, औषध लावून, टपटप गळत परत दिले. दोन रायफली तेवढा वेळ टेबलावर निवांत पडून होत्या. त्यांच्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

लेक रडत होती. डोंगरावर रडली नव्हती, अबोल्यात एकदाही रडली नव्हती, आणि मूठभर पानांसाठी ओले बूट छातीशी धरून रडत होती. मी तिला जवळ घेतलं. अंगणात रेडबड आहे गं, मी म्हटलं. ती म्हणाली, "दॅट्स नॉट द पॉइंट, आई." आणि तिचं बरोबरच होतं.

संध्याकाळी घरी पोचलो. बाबा इस्त्रीचा सदरा घालून सोफ्यावर बसले होते. शेजारी स्टीलच्या ताटलीत रेडबडची पानं होती. मी पानं दिली, नमस्कार केला. मग लेक पुढे झाली. तिने ताटलीतलं एकही पान उचललं नाही. रिकाम्या हातांनी वाकली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तिला म्हणावं, सोनं कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत ती मराठीत म्हणाली, "आजोबा, मी सोनं आणला होता. तिकडून. कस्टमवाल्यांनी घेतला."

बाबांचा चेहरा मी आयुष्यभर बघत आलेय. तो असा उजळलेला मी फार वर्षांत बघितला नव्हता. ते पुढे सरकून बसले आणि सरळ तिलाच म्हणाले, "पकडलं?"

"हो."

"कसं पकडलं? कुठे लपवलं होतंस?"

"लपवलं नाही. मी सांगितलं."

"आपणहून?"

"त्यांनी विचारलं, आणखी काही आहे का."

"मग सांगायलाच हवं," बाबा म्हणाले, आपलाच उपदेश साफ विसरून. "जप्तीची पावती दिली?"

"नाही."

"पावती नाही? सोनं ठेवून घेतलं आणि पावती नाही? कसलं ऑफिस आहे हे?" ते रागाने लाल झाले होते आणि हसतही होते. मग त्यांनी ताटलीतलं एक पान उचलून तिच्या हातावर ठेवलं. "ऐक. खोटं असतं ना, तर परत दिलं असतं. पितळ आम्ही तिथल्या तिथे परत करायचो. ठेवून घेतलं म्हणजे खरंच होतं."

"पितळ म्हणजे काय?" लेकीने विचारलं.

"सांगतो. आधी हा गुडघा बघ, आखडलाय."

ती तिथेच कार्पेटवर बसली, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. वीस झाल्यावर ती सवयीने पुन्हा एकवर यायला निघाली, तेव्हा बाबांनी तिला थांबवलं आणि एकवीस शिकवलं.